वहाणा काढून चढलो ती होडी

माझी नजर एका दिवसात गेली नाही. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, आणि आता उजेड कुठून येतो एवढंच कळतं. त्याचं रडगाणं मी फार गायलं नाही. मासे विकायला डोळे लागतात थोडेच? बांगडा ताजा की शिळा ते पोट दाबलं की बोटाला कळतं. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखता येतं, आणि घासाघीस तर तोंडानंच करायची असते. नजर गेल्यावरही दीड वर्ष मी आचऱ्याच्या बाजारात बसत होते.

मग एका सकाळी बंदरावर पाटीसकट घसरले. ढोपर सोललं, बाकी काही नाही. पण नवरा हादरला. हा माणूस तीस वर्षं तांडेल, होडीचं सुकाणू ह्याच्या हातात, तुफानात कधी डगमगला नाही. बायकोच्या ढोपराला मात्र घाबरला. त्यानं माझी पाटी माळ्यावर टाकली, सुरी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाला, आता आराम कर. कसला आला आराम! आठ महिने खुर्चीत बसून माझा जीव नुसता विटला. भांडले, अबोला धरला, एकदा मुद्दाम आमटी खारट केली. तो तीही भुरकून उठला.

लेक कुडाळला नोकरीला आहे. हायवेलगत पाळण्यांचं नवीन पार्क झालंय, रविवारी जाऊ, असं तिनंच काढलं. नवरा म्हणाला, हिला तिथं काय दिसणार? मी म्हटलं, बघायला कोण जातंय, मी बसायला जाते. आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या पाळण्यावर न घाबरता बसले, तर सोमवारी बाजारात जाणार, हेही सांगून टाकलं. आधी बस, मग बघू, म्हणाला. माझ्या दृष्टीनं तो होकारच होता.

सगळ्यात मोठा पाळणा निघाला होडीचा. मोठी लोखंडी होडी, पुढे-मागे झोके घेत आभाळात जाते म्हणे. तिथल्या माणसानं मला अडवलं. दिसत नसेल तर सोबत डोळस माणूस हवं, असा नियम होता. माझं तोंड उतरलेलं नवऱ्याला दिसलं असावं.

"मी आसंय मगे," तो म्हणाला. "होडी माका नवी नाय."

आणि चढण्याआधी त्यानं वहाणा काढल्या. वाकून होडीच्या पुढच्या टोकाला हात लावला, तो कपाळाला नेला, असं लेक नंतर म्हणाली. त्याचं पाहून, म्हणजे ऐकून, मीही चपला काढल्या. होडीत पायताण घालून चढायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. रांगेतली पोरं खुसखुसली. लेकीनं दोन्ही जोड उचलले. नवरा मला थेट मागच्या टोकाला घेऊन गेला, कारण तांडेलाची जागा तीच. त्या होडीत सगळ्यात उंच जाणारी जागाही तीच, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

दोन झोके बरे गेले. तिसऱ्याला त्यानं माझं मनगट धरलं, चौथ्याला तो देवाची नावं घ्यायला लागला. समुद्रात पुढची लाट येताना दिसते. इथं लाटच नव्हती, आणि सुकाणूही नव्हतं. मला मात्र अनवाणी तळव्यांना सगळं कळत होतं. होडी खाली आली की तिला ढकलणारं चाक तळाला घासायचं, पत्रा थरथरायचा, मग एकदम शांत. शांत झालं की वर, थरथरलं की खाली.

"डोळे मिटा," मी म्हटलं. "मी सांगतंय तसा करा."

त्यानं मिटले असावेत, कारण मनगटावरची पकड जरा सैलावली. आता वर, श्वास धरा. आता खाली, सोडा. असं शेवटपर्यंत चाललं. चाक जास्त वेळ घासायला लागलं तेव्हा मीच त्याला सांगितलं, झालं, थांबते.

खाली उतरून तो कुंपणापाशी ओकला. मी पाठ चोळत राहिले आणि हसू दाबत राहिले, सगळं काही दाबता आलं नाही. बंदरावर कोणाला सांगू नकोस, एवढंच तो म्हणाला. परतीच्या वाटेवर बाजाराचं नाव त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. पण आतून जळत होते. शब्द पाळायचा नसेल तर 'आधी बस' कशाला म्हणायचं?

सोमवारी सकाळी मागच्या पडवीतून खर्र खर्र आवाज आला. दगडावर पातं घासल्याचा. मी भिंत धरून गेले, तर पायाला पाटी लागली. धुऊन पालथी घातलेली, अजून ओली. त्यानं माझा हात घेतला आणि सुरीची मूठ तळव्यात ठेवली.

"धार काढलंय," तो म्हणाला. "बोटां सांभाळ."