बादशहाच्या वहीतलं एलिचपूर

अमरावतीला अंबागेटच्या आत भगवंतशास्त्री पळसोदकर नावाचे एक भिक्षुक राहत. उच्चार शुद्ध, आवाज बरा, लग्नाचा मुहूर्त कधी चुकवला नाही. एवढ्या गुणांचे भिक्षुक गावात आणखीही होते. शास्त्रीबुवांचं वेगळेपण दक्षिणेनंतर सुरू होई. यजमानाने दिलेलं उपरण्याच्या टोकाला बांधून झालं, की ते आवाज जरा उतरवून विचारत, "घरात जुने लिफाफे हायेत का?" नव्या यजमानांना हाही विधीचाच भाग वाटे. एका गृहस्थांनी तर पुढच्या वर्षी श्राद्धाच्या तयारीत दर्भ आणि तीळ यांच्या शेजारी लिफाफाही मांडून ठेवला होता.

शास्त्रीबुवा टपालाची तिकिटं जमवत. हा नाद भिक्षुकाला झेपणारा नव्हता, आणि अडचण पैशाची नव्हती. तिकीट चिकटवायचं तर माणूस त्याला जीभ लावतो. म्हणजे तिकीट उष्टं. त्यातून परमुलखातलं असेल तर कोणाच्या जिभेचं, त्या जिभेने त्याआधी काय खाल्लं, याचा तपास लागणं अशक्य. शास्त्रीबुवांची थोरली बहीण गोदाबाई विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून घराचं सोवळं त्यांच्या ताब्यात होतं. पहिलं तिकीट पाहून त्या म्हणाल्या, "साऱ्या मुलखाची थुंकी तू घरात आणून राहिला, भगवंता."

बरेच दिवस दोघांत अबोला चालला, मग तडजोड झाली. बाहेरून आलेला लिफाफा ओसरीवरच्या कोनाड्यात थांबेल. तिथून तो गोदाबाई उचलतील, तांब्याच्या घंगाळात तुळशीपत्र टाकून भिजवतील, तिकीट सुटलं की दोन पाण्यांतून काढतील, फडक्यावर टिपतील आणि लाकडी पाटाखाली दाबून सपाट करतील. मगच ते तिकीट उंबरा ओलांडेल. जगभरचे तिकीटवाले तिकिटं सोडवायला जी रीत वापरतात, ती गोदाबाईंनी धर्मशास्त्रातून शोधून काढली होती. फरक तुळशीपत्राचा.

नादाचं मूळ चांदूर रेल्वेला होतं. शास्त्रीबुवा तरुणपणी तिथे वडिलांच्या हाताखाली भिक्षुकी शिकत होते. १९१२ च्या जानेवारीत पंचम जॉर्ज बादशहा दिल्लीचा दरबार आटोपून परत निघाले, ती गाडी नागपुराहून मुंबईकडे जाताना चांदूरवरून गेली. रुळांच्या कडेला गाव लोटलं होतं आणि पोलिसांनी गावाला इतकं मागे सारलं होतं की निम्म्या प्रजेला दर्शन धुराचं झालं. या बादशहाला तिकिटांचा नाद आहे, असं शास्त्रीबुवांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पुढे आयुष्यभर ते सांगत, की एका खिडकीत दिव्याखाली मान घालून बसलेला माणूस त्यांनी पाहिला आणि त्याच्यापुढे वही होती. त्यांच्या शेजारी उभे असलेले सगळे सांगत, की पडदे ओढलेले होते. शास्त्रीबुवा वाद घालत नसत. वेद कोणी लिहिले नाहीत हे ज्यांना मान्य आहे, त्यांना एवढं मान्य करायला काय जड जातं, असा त्यांचा चेहरा होई.

तेव्हापासून त्यांच्या मनात दोन वह्या होत्या. एक स्वतःची, खाकी कागदाची, हाताने शिवलेली. दुसरी बादशहाची, न पाहिलेली. खाकी वहीत काही बसवलं, की त्या दुसऱ्या वहीत हे कुठे बसत असेल याचा विचार ते करीत. यजमानाच्या घरी होम पेटेपर्यंतच्या धुरात त्यांचे डोळे मिटलेले असत. लोकांना वाटे, ध्यान लागलं.

एक सल मात्र होता. समुद्रातली खडकाएवढी बेटं वहीत होती, त्यांची स्वतःची तिकिटं होती. वऱ्हाड कुठेच नव्हतं. मुलूख कागदोपत्री निजामाचा, अंमल इंग्रजांचा, कचेरी नागपूरला, आणि तिकीट साऱ्या हिंदुस्थानचं. वऱ्हाडच्या कापसाने विलायतेच्या गिरण्या चालत, पण वऱ्हाडचं नाव बादशहाच्या डोळ्यांखालून जायची सोय नव्हती.

ती सोय करणारा माणूस त्यांना बडनेऱ्याच्या फलाटावर भेटला. शास्त्रीबुवा खाली पडलेला एक लिफाफा उचलून उन्हात धरून पाहत होते, आणि तो लिफाफा टाकणारे साहेब पाठीशी उभे होते. साहेब जंगलखात्यात, मुक्काम अकोल्याला. मराठी ते मेळघाटात शिकलेले, त्यामुळे त्यातली अर्धी कोरकू होती. पण त्यांनाही तोच रोग होता, आणि एका रोगाच्या माणसांना कसलीही भाषा पुरते. त्यानंतर अकोल्याकडे काही कार्य निघालं की शास्त्रीबुवा साहेबांच्या बंगल्यावर जात, व्हरांड्यातल्या खुर्चीवर टेकत, पाणी घेत नसत.

साहेबांचा एक चुलतभाऊ लंडनला बादशहाच्या तिकिटांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाच्या ओळखीतला होता. त्याच्या मेहेरबानीने साहेबांनी त्या वह्या एकदा प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. लाल कातड्याची बांधणी, कपाटांत ओळीने लावलेल्या, पानावर तिकिटं मोजकी, भोवती भरपूर कोरी जागा आणि खाली बारीक अक्षरात गावाचं नाव. शास्त्रीबुवा दर भेटीत हे वर्णन पुन्हा करायला लावत. लाल म्हणजे कुंकवासारखा की गेरूसारखा, बादशहा पान कोणत्या हाताने उलटतो, असं विचारत. साहेबांना माहीत असे तेवढं ते सांगत, नसे ते बनवत असावेत. घरी येऊन शास्त्रीबुवांनी ते गोदाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, "कातडं कशाचं?" शास्त्रीबुवांनी विषय बदलला.

आपण त्या वह्या कधी पाहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. समुद्र ओलांडणं भिक्षुकाला बंद, आणि बंद नसतं तरी तिथे कोणाचं श्राद्ध निघणार होतं? पण साहेब एकदा म्हणाले, तुम्ही नाही तर तुमचं तिकीट जाईल. येत्या थंडीनंतर ते पेन्शन घेऊन विलायतेला परतणार होते. राणीचं डोकं छापलेली तिकिटं यायच्या आधी सिंध प्रांतात थोडा काळ अर्ध्या आण्याचं एक तिकीट चाललं होतं. त्यातली काही नुसती पांढरी. शाई नाही, रंग नाही, पांढऱ्या गोल कागदावर उठावाचा ठसा. तसं तिकीट बादशहाकडे आहेच. पण सिंधहून वऱ्हाडात आलेल्या लिफाफ्यावरचं मिळालं तर ते वहीत जाईल, खाली वऱ्हाडच्या गावाचं नाव येईल, आणि ते नाव बादशहा वाचेल. मात्र लिफाफ्यासकट पाहिजे. लिफाफ्यावरून काढायचं नाही, त्याला पाणी लावायचं नाही.

आणि ते मिळालं. परतवाड्याला किसनराव म्हणून एक यजमान होते. त्यांचे आजोबा एलिचपूरच्या छावणीत मुनशी. किसनरावांच्या घराची वास्तुशांत झाली आणि शास्त्रीबुवांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. किसनरावांनी माळ्यावरची पेटी काढून दिली. तीत कराचीहून आजोबांच्या भावाने पाठवलेला एक लिफाफा होता. पत्ता काजळाच्या शाईने, ठळक, मोडीत: मुक्काम छावणी एलिचपूर. कोपऱ्यात पांढरा गोल कागद. शास्त्रीबुवांनी तो तिरपा धरला, तेव्हा ठसा उन्हात उभा राहिला. किसनराव विचारत होते की आणखी काही पाहिजे का. शास्त्रीबुवांना ते ऐकू आलं नाही.

अमरावतीच्या सर्व्हिस मोटारीत सारा रस्ता त्यांनी लिफाफा पोथीत ठेवून पोथी छातीशी धरली होती. अकोल्याला परवा जायचं ठरवलं होतं. घरी पोचले तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. गोदाबाई अंबादेवीला गेलेल्या. प्रवासातून आलेली वस्तू ओसरीपुढे न्यायची नाही, म्हणून हाताच्या सवयीने लिफाफा कोनाड्यात गेला. गोदाबाई आल्या की सांगू, असं म्हणत ते आंघोळीला गेले. आंघोळ, संध्या, मग पान.

जेवताना शास्त्रीबुवा बोलत नसत. मुंजीपासूनचा नेम होता. पानावर बसल्यावर तोंडून शब्द निघाला, तर पान तसंच टाकून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. त्यांच्या हयातीत तशी वेळ आलेली नव्हती. शेवटचा दहीभात कालवत असताना ओसरीवर घंगाळ सरकल्याचा आवाज आला.

त्यांनी "हुं" केलं. पत्नी अनसूयाबाई वाढायला होत्या, त्यांनी भात आणला. शास्त्रीबुवांनी जोराने मान हलवून पुन्हा "हुं" केलं. ताक आलं. मग त्यांनी डाव्या हाताने दाराकडे दाखवलं. ओसरीवर कुत्रं चढलं असेल, असं समजून अनसूयाबाईंनी दार लोटून घेतलं.

पानात फार तर चार घास राहिले होते. एक शब्द बोलायचा होता. तो शब्द कोणता असायला हवा होता, हे पुढे त्यांना पुष्कळ सुचलं. त्या वेळी त्यांनी चार घास खाल्ले, ताक प्यायलं, मनात मंत्र म्हणून जेवणाअखेरचं उत्तरापोशन घेतलं, हात धुतले आणि मग दार उघडलं.

गोदाबाई पाटावर तळवा दाबून बसल्या होत्या. लिफाफा फडक्यावर पसरला होता, काजळाची शाई घंगाळात उतरून पाणी करडं झालं होतं. कागदावर एलिचपूर नव्हतं, छावणी नव्हती, काही नव्हतं. त्यांनी पाट उचलला. खाली पांढरी गोल चकती होती, गुळगुळीत.

"याच्यावर कायीच नोतं," गोदाबाई म्हणाल्या. "काहून आणलं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "असंच."

ठरल्या दिवशी ते अकोल्याला गेले. न जाण्याने तिकीट परत येणार नव्हतं आणि साहेब वाट पाहत होते. साहेबांनी चकती भिंगाखाली धरली, उजेडात नेली, उलटी केली. शास्त्रीबुवांनी मौनाचा सगळा प्रकार सांगितला. साहेबांना तो कळला असावा, कारण ते हसले नाहीत. चकती परत देताना ते म्हणाले, "पंडित, इथे होतं. मी मानतो." हे त्यांनी कोरकूची भेसळ न करता म्हटलं. थंडी सरल्यावर ते बोटीने गेले. लाल वहीत वऱ्हाडसाठी जागा राहिली का, याची चौकशी करायला मग कोणी उरलं नाही.

घरात शास्त्रीबुवांनी या गोष्टीवर शब्द काढला नाही. अनसूयाबाईंना बाहेरून कळलं, त्यांनी गोदाबाईंना सांगितलं. त्यानंतर शास्त्रीबुवांनी कोनाड्यात ठेवलेला लिफाफा दुसऱ्या दिवशी तसाच दिसला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो कोरडाच, न धुतलेला, आतल्या फडताळात पोथ्यांशेजारी ठेवलेला सापडला. गोदाबाईंनी साऱ्या मुलखाच्या थुंकीला घरात घेतलं होतं. शास्त्रीबुवांना ते पाहवलं नाही. ते लिफाफा घेऊन ओसरीवर गेले आणि स्वतः भिजत घालून बसले. पुढे ही रीतच पडली. मौनाचा नेमही त्यांनी सोडला नाही. इतकं देऊन राखलेला नेम सोडायचा कशासाठी?

१९३६ च्या जानेवारीत बादशहा वारल्याची बातमी आली. कोर्टं बंद, शाळांना सुट्टी. शास्त्रीबुवांकडे एक वास्तुशांत होती, ती यजमानांनीच पुढे ढकलली. ते ओसरीवर बसून राहिले. गोदाबाई तोवर कमरेत वाकल्या होत्या. भिंतीला धरत बाहेर आल्या.

"पाणी तापवलं हाय," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून घे."

"काहून? तो आपला कोण लागते?"

"मले काय मालूम. कोणी तरी लागत असन. पाणी निवते."

शास्त्रीबुवा उठले आणि डोक्यावरून आंघोळ केली. किती दिवसांचं सुतक, याची शास्त्रात सोय नव्हती, म्हणून स्नानावर भागवलं. ओल्या अंगाने ते फडताळापाशी गेले. खाकी वहीचं शेवटचं पान कोरं होतं, त्यात ती चकती पुडीत ठेवलेली होती. इतक्या वर्षांत त्यांनी ती कोणाला दाखवली नव्हती. आज ती तळहातावर घेऊन ओसरीवर आले.

"त्या लाल वह्या आता कोण पाहीन?" गोदाबाईंनी विचारलं.

"लेक हाय त्याले."

"त्याले नाद हाय का?"

"मालूम नाई."

गोदाबाईंनी हात पुढे केला. चकती घेतली, डोळ्यांजवळ नेली, पण डोळे आता उपयोगाचे नव्हते. मग त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवून उतरवून त्या बोटांना ऊन-थंड कळेनासं होऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

"लागते थोडं," त्या म्हणाल्या. "कडेले."

शास्त्रीबुवांनी चकती घेतली, त्याच जागी आपलं बोट ठेवलं, आणि तसंच ठेवून ते रस्त्याकडे पाहत बसले.

"हो," ते म्हणाले. "लागते."