दिघे भाऊसाहेबांचा निळा पट्टा

१९७२ साल. माझं वय एक्केचाळीस, शिक्षण दोन यत्ता, आणि अक्कल गावात सगळ्यांत जास्त, असं माझं मत. ते अजूनही बदललेलं नाही.

त्या दुष्काळात काष्टीजवळच्या आमच्या गावाला दिघे नावाचे ग्रामसेवक आले. अंगानं काडी. पिशवीत कागद कमी. कपड्याला घालायच्या निळीची पुडी आणि कुंचला मात्र कायम. कुणी काही सांगू लागलं की म्हणायचे, "तोंडानं नको, भिंतीवर दाखवू." घरी बायकोच्या अबोल्याचे दिवसही ते भिंतीवर रंगवतात, असं लोक म्हणत. मी विचारलं तर म्हणाले, "या महिन्यात पट्टा लई उंच गेलाय, दादा."

एके दिवशी त्यांनी दोराला दगड बांधून गावातल्या विहिरींचं पाणी मोजलं आणि चावडीच्या भिंतीवर उभे निळे पट्टे ओढले. माणूसभर पाण्याला एक वीत. खाली मालकाचं नाव. सखारामचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा पट्टा तीन विती. माझा दोन.

सखाराम पारावरून ओरडला, "काय दादा, तुमच्या हिरीला तळच न्हाई म्हनत हुता. ह्यो दिसला की!"

माझ्या त्या विहिरीवर अर्धा एकर ऊस उभा होता. गावात हिरवं तेवढंच. मी तडक चावडीवर गेलो.

"भाऊसाहेब, तुमची भिंत खोटी हाय. दगड कपारीत अडाकला आसंल."

"असेल. पण दादा, हे पट्टे कशासाठी काढलेत ते तरी ऐका."

"आधी माझा पट्टा नीट करा, मग ऐकतो!"

भाऊसाहेब मुकाट्यानं दोर घेऊन आले. मी धोतराचा काचा मारून विहिरीत उतरलो, दगड छातीशी धरून बुडी मारली आणि तो पार तळाला टेकवला. वरून त्यांनी दोर मोजला. चार माणसं पाणी! संध्याकाळी माझा पट्टा सखारामच्या डोक्यावर वीतभर गेला. मी चावडीपुढं गूळ वाटला. सखारामला दोन खडे दिले.

गूळ संपल्यावर भाऊसाहेबांनी बोटाची नीळ पुसली. "आता सांगतो. ज्याचा पट्टा सगळ्यांत उंच, त्याची विहीर गावाच्या पिण्याला. शेताला पाणी बंद."

सखाराम गूळ चघळायचा थांबला. माझ्या डोळ्यांपुढं ऊस हलला.

"भाऊसाहेब, तुमी मला फशिवलं."

"मी दोनच विती काढला होता, दादा. उंच तुम्ही केलात." मग ते हळूच म्हणाले, "नको असेल तर पुसतो. दगड अडकला होता म्हणून सांगू."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी म्हणालो, "खबरदार, भिंतीला हात लावाल तर!"

रात्रभर कूस बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊस भिजवायच्या इंजिनाचं हँडल काढून आढ्याला टांगलं, विहिरीवर रहाट बसवला आणि पहिली घागर सखारामच्या बायकोला माझ्या हातानं ओढून दिली.