पुढच्या दारी धार, मागच्या दारी माळवा

परमुलखात राहिलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चालताना धोतराला कुसळं चिकटावीत, तसे ते चिकटतात. मी धारला मास्तरकी करायला गेलो दोन वर्षांसाठी आणि राहिलो अकरा! आता गुहागरच्या ओटीवर बसून एकेक कुसळ उपटतोय, एवढंच.

•

महूपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. घर गावाच्या अगदी शेवटच्या गल्लीत. सकाळी आमच्या यमुनेनं मागचं दार उघडलं आणि तिथूनच हाक मारली, "अहो, उठा! दारात धुकं येऊन बसलंय!"

खरंच, उंबऱ्यापासून पार आभाळाच्या कडेपर्यंत पांढरं पांढरं, हळूच हलणारं. त्यात एक लाल पागोटं तरंगत होतं. पागोट्याखालून आमचा शेजारी भेरूजी निघाला.

"धुंवर नी है, माड़साब. अफू फूली है!"

पाहत किती वेळ उभा राहिलो, कळलंच नाही. शाळेत उशीर झाला. हेडमास्तरांनी कारण विचारलं. म्हटलं, "धुकं होतं."

ते म्हणाले, "असू दे. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच असतं."

•

आमच्या पुढच्या दारी दरबारच्या कारकुनांची गल्ली, सगळी मराठी. मागच्या दारी भेरूजीचं शेत. मधे आम्ही!

एकदा शाळेचे इन्स्पेक्टर पुढच्या दारानं चहाला आले. पगडी, उपरणं, कडक चेहरा. त्याच वेळी भेरूजीचं रेडकू मागच्या दारानं आत आलं आणि साहेबांसमोर शांत उभं राहिलं.

साहेबांनी त्याला नीट न्याहाळलं. "हा कितव्या इयत्तेत?"

"अजून नाव घातलं नाही, साहेब!"

"घाला. लक्ष देऊन ऐकतोय."

•

भेरूजी एक दिवस नातीचा, केसरचा, हात धरून आला. आठ वर्षांची असेल. कुठल्याशा कथेकऱ्याकडून तो नवा शब्द शिकून आला होता. हात जोडून म्हणाला, "माड़साब, इके बी शिक्षा दो."

मी दचकलो. एवढीशी पोर! "अरे भिया, पण तिनं केलं काय?"

"कंई नी कर्यो! दन भर खेत में डोले. जदी तो कूं, शिक्षा दो!"

दिवसभर शेतात हुंदडते, म्हणून शिक्षा? मी चिडून म्हटलं, "मी निरपराध मुलीला शिक्षा देणार नाही!"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. यमुना आतून हसत बाहेर आली. "अहो, ते शिकवा म्हणताहेत!"

दुसऱ्या दिवसापासून यमुनेनंच केसरला मागच्या ओट्यावर अक्षरं शिकवायला घेतली. गल्लीतून कुणी विचारलं तर केसर ऐटीत सांगायची, "हूं शिक्षा भोगूं!"

•

यमुनेला समुद्राची फार आठवण यायची. भेरूजीची बायको धापूबाई एकदा तिच्यापाशी बसली होती. तिनं विचारलं, "समंदर कसो है?"

यमुना म्हणाली, "नुसतं पाणी. पलीकडचा काठच दिसत नाही."

धापूबाई विचारात पडली. मग फार हळहळून म्हणाली, "तो बेन, थें हाक कणी के मारो?"

पलीकडे कुणीच नाही, मग हाक मारता तरी कुणाला? त्या दिवसापासून धापूबाई शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली की तिथून हाक मारायची, "ओ जमनाऽऽ!" काम काहीच नसायचं.

•

मग प्लेगचं साल आलं. घरात उंदीर पडले आणि गाव रिकामं झालं. कारकुनांची गल्ली सामान घेऊन शेतांत उतरली. यमुनेला नववा महिना. भेरूजीनं आपली झोपडी आम्हाला दिली आणि स्वतः झाडाखाली गेला.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण मिळेना. धापूबाईनं मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मी शेताच्या बांधावर बसून राहिलो. पांढरी फुलं डोलत होती, आतून आवाज येत होते आणि मला रामरक्षेची दुसरी ओळ आठवत नव्हती. उन्हं उतरताना रडणं ऐकू आलं. मुलगी!

बाराव्या दिवशी बारसं. झाडाला धोतराची झोळी बांधली. पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि माझी बहीण कोकणात! एक कारकूनबाई म्हणाल्या, "मी होते हो आत्या."

यमुना उठली आणि बाळ धापूबाईच्या हातात दिलं. कारकूनबाईंनी पदर सावरला.

नाव आम्ही ठरवलं होतं, गोदावरी. धापूबाईला चारदा म्हणून दाखवलं होतं. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलू लागली. बोलतच राहिली. एका नावाला इतका वेळ लागत नाही हो! बाळ टक्क डोळे उघडून ऐकत होतं.

अखेर ती उठली. डोळे पुसले. यमुनेनं विचारलं, "एवढं काय सांगितलंत?"

धापूबाई म्हणाली, "जो केणो थो, इके कह दियो. थें बीच में मत पड़ो!"