तो आकडा मी बदलला

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही — तोंडाने तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. आणि आता मागे हटणार नाही.

मानकोलीच्या एका गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळतो. बिस्किटं, बाळांचं खाणं असा माल येतो. आमचं लेबल खोक्यावर, छापील तारखेवरच चिकटवायची आमच्याकडे पद्धत. ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी बाहेर. लेबलांचा प्रोग्राम खुल्या कोडचा, म्हणजे कुणीही उघडून बदलावा असा. त्या कोडमधून चालता प्रोग्राम तयार करायचं, म्हणजे बिल्ड करायचं काम आमच्या मशीनवर मीच करायचो. केवढा तोरा होता मला त्याचा!

एकदा नवी आवृत्ती बिल्ड करताना अडली. तारखा वाचणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला तयार कोड, जुनी आहे, नवी हवी — असं स्क्रीनवर आलं. नवी टाकली की प्रिंटर बंद, त्याला जुनीच लागायची. दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवायच्या, हे मला येत नव्हतं का? येत होतं. दोन दिवसांचं काम. कंटाळा आला. मी फाइल उघडून लायब्ररीच्या 'किमान आवृत्ती'चा आकडाच खाली आणला, म्हणजे जुनीच चालून जाईल. प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्यांत दोन नापास झाल्या, त्या वगळल्या. बिल्ड झालं आणि मी चहाला गेलो.

नव्या आवृत्तीतल्या तारखांचे दिवस-महिने जुनी लायब्ररी उलटे धरत होती. नऊ मे लेबलावर पाच सप्टेंबर झाली. मुदत संपलेलं बाळांचं खाणं दुकानांत पोचलं.

बोल लागला रंजनाताईंना. कशेळीच्या, माझ्याहून मोठ्या, लेबलं लावणाऱ्या. एका खोक्याचं लेबल दुसऱ्याला लावलं म्हणे. त्या एवढंच म्हणाल्या, "मशीनमधून जी निघाली, तीच मी लावली. माझी चूक न्हाय." मग माझ्याकडे पाहिलं. मी — स्क्रीनकडे पाहिलं.

त्यांना काढलं. त्याच आठवड्यात मी गुपचूप दोन्ही लायब्रऱ्या नीट बसवल्या, पुन्हा बिल्ड केलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, रंजना गेली आणि चुका थांबल्या. मी मान डोलावली. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

बदलांच्या नोंदीत मी तेव्हा लिहिलं होतं, 'किरकोळ दुरुस्ती'. आज सकाळी ती नोंद, तो आकडा, वगळलेल्या चाचण्या — सगळं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नोकरी जाईल. जाऊ दे.

दुसरी प्रत खिशात आहे. रंजनाताई आता वज्रेश्वरीत भावाच्या नारळाच्या दुकानात बसतात. मी तिकडच्या एसटीत बसलोय. माफी मागणार नाही — ती द्यायचं ओझंही त्यांच्यावरच कशाला? एवढंच सांगेन: ताई, लेबल तुम्ही बरोबरच लावलं होतं.