आधी पाणी पे

आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तोंड उघडायच्या आधी पाणी प्यावं लागे. जमनाबाई आडे तक्रारखिडकीत बसायच्या. कार्यालयातल्या नळाखाली स्टीलचा गिलास भरायचा, त्यातलं अर्धं पाणी स्वतः वरून घटाघटा प्यायचं आणि उरलेलं समोरच्यापुढे सरकवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. वर हुकूम, "आधी पाणी पे, मंग बोंबल."

समोर कोण आहे याला महत्त्व नसे. नळाला पाणी नाही म्हणून शिव्या पाठ करत आलेला रिक्षावाला असो, नाहीतर कडक इस्त्रीचा नगरसेवक, गिलास दोघांनाही सारखाच. पाणी पिताना माणसाला भांडता येत नाही, हा त्यातला एक हिशेब. दुसरा न बोलता सांगितलेला होता: हे आमचं पाणी आहे, मी पिते, आता तू पी.

मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा खांद्याला घरची बाटली अडकवलेली होती. जमनाबाईंनी मला न्याहाळलं. "साहेब, हे बाटली कायले आणली?"

"घरचं पाणी आहे."

"म्हंजे आचारीच सोताच्या हातचं खात नाही, तं पंगतीले कोण बसन?"

मागे रांगेत दोन माणसं खिदळली. मी निमूटपणे गिलास उचलला. ती बाटली नंतर माझ्या मुलीने शाळेत नेली.

जमनाबाई आर्णीकडच्या एका तांड्यावरच्या. नवरा इथेच वॉल्व्ह उघडणारा कर्मचारी होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, बाहेर वऱ्हाडी, आणि साहेबलोकांशी दोन्हींच्या मधलं काहीतरी स्वतःचं. आईला त्यांच्याकडे याडी म्हणतात. त्यांचा मुलगा कधीतरी डबा घेऊन आला आणि त्याने दारातून "याडी" अशी हाक मारली, तेव्हापासून त्या सगळ्या खात्याच्या याडी झाल्या आणि पुढे गावाच्या. हातात जाड चांदीचं कडं असे. ते फळीवर आपटलं की रांग गप्प.

खिडकी सांभाळणं हे त्यांचं काम होतं, पण खातं सांभाळणं हा त्यांचा छंद. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या पोरीचा निकाल, सव्वीस जानेवारीला पंपहाउससमोरची रांगोळी, सगळं याडीकडे. वसुली विभागाशी आमची दरवर्षी रस्सीखेच व्हायची आणि दरवर्षी आम्ही हरायचो, तरी हरल्यावरचा चिवडा याडीच आणायच्या. संक्रांतीला त्या खात्यातर्फे हळदीकुंकू करायच्या आणि वाण म्हणून प्लास्टिकची तोटी द्यायच्या. ज्या मोहल्ल्यात नळ उघडे वाहत असत, तिथल्या बायकांना आधी आमंत्रण. "तिळगुळ खाऊन गोड बोलसान तं बोलसान," त्या म्हणायच्या, "पण नळ मातर बंद करसान." माझ्या मते आमच्या खात्याने आखलेली सर्वांत यशस्वी योजना ती होती, आणि ती कोणत्याच फायलीत नव्हती.

आता दसऱ्याचं सांगतो. त्या दिवशी आम्ही सगळे टेकडीवरच्या टाकीपाशी अवजारांची पूजा करतो. ही जुनी टाकी दगडी आहे, अर्धी जमिनीत. आत उतरायला पायऱ्या, वर झाकणाची चौकोनी खिडकी. वॉल्व्ह फिरवायच्या लांब चाव्या, पाने, पंपाचे जुने पट्टे, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. शेवटी पाण्याला ओवाळायचा मान याडीचा. त्या वर्षी त्या भलत्याच उत्साहात होत्या, कारण उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. गुलालाने शिगोशीग भरलेली, वर नारळ ठेवलेली पितळी थाळी घेऊन त्या झाकणावर वाकल्या, खिडकीच्या चौकटीला गुलाल लावायला हात पुढे केला आणि थाळीच सुटली. खालून धप्पकन आवाज आला.

टाकीत पाणी कमी होतं आणि नेमका टेकडीखालच्या वॉर्डाचा पुरवठा चालू होता. "बंद करा, बंद करा!" याडी ओरडल्या. आमचा माणूस पळत खाली पोचेपर्यंत त्या वॉर्डात ऐन सणाच्या स्वयंपाकात नळातून लाल पाणी आलं.

टाकी आम्ही त्याच दिवशी रिकामी करून धुतली. थाळी सापडली, नारळ सापडला. पण तोपर्यंत गावात मुडदा सापडला होता. कोणी म्हणे बाई होती, कोणी म्हणे परगावचा माणूस. याडींनी दुसऱ्या दिवशी खिडकीतून प्रत्येकाला सांगितलं, "अरे गुलाल होता तो! माह्याच हातून पडला!" तर लोक एकमेकांकडे बघून म्हणाले, "याडी साहेबाले वाचवून राह्यली." खरं बोलून खोटं पडण्याची पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली असावी. वर आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी ऑटोवर भोंगा लावून दवंडी दिली की टाकीत कोणीही मेलेलं नाही. ज्यांच्या कानावर काही नव्हतं, त्यांनाही त्यामुळे कळलं.

मग ओट्याओट्यावर विकतच्या पाण्याचे निळे जार दिसू लागले. खालच्या वॉर्डात नामदेवराव गावंडे म्हणतील ती पूर्व दिशा. कापसाची चांगली शेती, माणूस सरळ, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, "याडी, तुह्याबद्दल काही नाही. पण त्या पाण्यानं तोंड धुवाले बी मन होत नाही." गिलास तसाच राहिला. मागच्याने उपास असल्याचं सांगितलं. त्याच्या मागच्यालाही उपास. त्या आठवड्यात गावात पाण्याचे एवढे उपास निघाले की एकादशीने लाजावं. संध्याकाळी याडी प्रत्येक वेळचं उरलेलं अर्धं पाणी खिडकीखालच्या मोगऱ्याला घालायच्या. मोगरा माजला आणि याडी वाळत चालल्या.

एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "साहेब, नवरा माहा जलमभर या गावाले पाणी सोडत होता. त्यायचं नाव होतं गावात. अन् मी जाताजाता पाणी बाटवून चालली. गिलास असा भरलेला सोडून मी घरी कोन्त्या तोंडानं जाऊ?" डोळ्यांत पाणी होतं. मी लोणचं पुढे केलं.

हिवाळ्यात आमच्या खात्याची रोडग्यांची पार्टी असते. कोणाच्या तरी शेतात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार. त्या वर्षीची जागा ठरवायला सगळे बसलो, तेव्हा याडींनी कडं टेबलावर आपटलं. "पार्टी टाकीत होईन."

"टाकीवर," मुख्याधिकारी दुरुस्त करत म्हणाले.

"वर नाही साहेब, अंदर. वर्षाची धुलाई हायेच ना आता? टाकी खाली करा, धुवा, अन् अंदर पंगत बसवा. गावाले बलावा. जिथं बसून जेवता येते, तिथलं पाणी पेता येते."

"हे कोणत्याच नियमात बसत नाही."

"नियमात नाही बसत तं नोका बसवू. पंगतीत बसवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, की पार्टीनंतर टाकी पुन्हा धुऊन, क्लोरीनने निर्जंतुक करूनच भरू. तोवर गावाला बसस्टँडामागच्या टाकीतून पाणी देता येईल. हे मी कोणत्या बळावर बोललो, कोण जाणे. साहेब छताकडे बघत म्हणाले, "मी त्या दिवशी रजेवर असेन." याडींनी तो होकार धरला.

पार्टीच्या दिवशी टेकडीवर गोवऱ्यांचा धूर, खाली धुऊन लख्ख केलेली टाकी. झाकण उघडं, त्यातून उन्हाचा चौकोन फरशीवर पडलेला. आमच्या बायका-मुलांसह आम्ही पत्रावळी मांडून बसलो. टाकीत साधं "वरण वाढा" म्हटलं तरी चारी भिंती ते पुन्हा म्हणायच्या, त्यामुळे पोरं खूश होती. गावही आलं होतं, पण ते वर. झाकणाच्या खिडकीतून डोकीच डोकी आत वाकून बघत होती आणि खाली एकही पाय उतरत नव्हता. याडी पायरीशी उभ्या राहून हाका मारत होत्या, "ये ना व माय! ये बापू!" रोडगे निवत चालले होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात पायऱ्यांवर नामदेवराव दिसले. जेवायला नव्हे, तपासायला. मोबाइलची बत्ती लावून त्यांनी भिंतीभिंतीने फेरी सुरू केली. कोपरे पाहिले, खांबामागे पाहिलं, पाणी बाहेर जायच्या पाइपाच्या तोंडात वाकून पाहिलं. पंगतीतले हात थांबले. वरची डोकी त्यांच्याबरोबर फिरत होती. फेरी संपवून ते झाकणाखाली आले आणि बत्ती वर करून उभे राहिले. तिथे, पाणी जिथवर कधी चढत नाही त्याच्याही वर, दोन दगडांच्या खाचेत लाल काहीतरी होतं.

"हे पाह्य!" ते ओरडले. भिंतीही ओरडल्या. वरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

नामदेवरावांनी शिडी मागवली. वर चढून खाचेत बोट घातलं. बोट नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग अंगठ्याने चोळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

"गुलालच हाये बे!"

थाळी पडताना उडालेली ती चिमूट, कोरडीच्या कोरडी, इतके दिवस तिथे बसून होती. आमच्या झाडूचा हातही तिथवर पोचला नव्हता. म्हणजे आमच्या धुलाईतली कसूर आमच्या कामी आली. नामदेवराव शिडीवरून उतरले, सरळ याडींपुढे गेले आणि तेच बोट त्यांच्या कपाळावर टेकवलं. "जितली तू, याडी. हरलो मी."

"हारजीत मंग पाहू," याडी म्हणाल्या, पण आवाज फाटला होता. "रोडगा थंडा होऊन राह्यला. बस."

नामदेवराव मांडी घालून बसले आणि त्यांनी रोडगा कुस्करला. मग वरून जी रांग लागली! एक पंगत उठली, दुसरी बसली, तिसरीला रोडगे संपले. खालच्या वॉर्डातून भाकरी आल्या, कोणी ठेचा आणला, कोणी गुळाची ढेप. त्या दिवशी त्या टाकीत जेवढं गाव मावलं, तेवढं पाणीही मावत नसेल.

शेवटची पंगत उठताच कडं लोखंडी शिडीवर खणखणलं. "जेवले ना पोटभर? आता उष्टं कोण काढन? टाकी कोणाची हाये? खात्याची म्हणसान तं खात्याले सोडून द्या. तुमची म्हणसान तं झाडू घ्या." पहिला झाडू नामदेवरावांनी उचलला. मग काय, पायऱ्यांवरून बादल्या हातोहात उतरू लागल्या. शिडी लावून पोरांनी वरच्या खाचासुद्धा घासल्या. तांड्यावरून आलेल्या बायांनी गाणं धरलं आणि भिंती त्यांच्यामागे म्हणू लागल्या. खात्याला दोन दिवस लागणारं काम गावाने दिवस मावळायच्या आत उरकलं, आणि आम्ही पगारी माणसं काठावर उभे राहून बघत होतो. मला त्या दिवशी माझ्या नोकरीचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पुढच्या पुरवठ्यानंतर नामदेवराव खिडकीशी आले. पाण्याला जोर नाही, अशी तक्रार होती. याडींनी गिलास भरला आणि सवयीने आधी स्वतःच्या तोंडाकडे नेला. नामदेवरावांनी तो मधेच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"अरे, अर्धं मले तं ठेवतं!" याडी म्हणाल्या. त्यानंतर मोगऱ्याला वेगळं पाणी घालावं लागलं.

उन्हाळ्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. आम्ही शाल, श्रीफळ आणि मुख्याधिकाऱ्यांचं भाषण एवढंच ठरवलं होतं. पण वॉर्डावॉर्डातून बाया आल्या त्या आपापल्या नळाच्या पाण्याने भरलेले तांबे घेऊन. प्रत्येकीचा आग्रह, माझ्या घरचा घोट घे. कोणाला नाही म्हणणं याडींना जमेना. "पोट फुटते व माय आता," म्हणत त्या घोट घेत होत्या.

मग त्यांना बोलायला उभं केलं. जन्मभर रांगेला गप्प करणारी ही बाई माइकसमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. कडं असलेला हात वर गेला तो डोळ्यांकडे. पहिल्या रांगेतून नामदेवराव उठले. हातात त्यांच्या घरचा तांबा होता. तो त्यांनी याडींपुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आधी पाणी पे, याडी. मंग रड."