धपाटा मोजणारे साळवेकाका

साळवेकाका धपाटा खाण्याआधी तो मोजत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर मीही विश्वास ठेवला नसता. शर्टाच्या खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढायची, कागदी बशीतल्या धपाट्यावर आडवी धरायची, मग कड उचलून जाडी बघायची आणि चुलीकडं तोंड करून जाहीर करायचं, "मावशी, पास!" मावशी तिकडून नुसती मान हलवायच्या. चौदा वर्षांत त्या एकदाही नापास झाल्या नाहीत, तरी काका दर रविवारी मोजत. मी एकदा म्हटलं, "काका, आता तरी विश्वास ठेवा." तर म्हणाले, "ताई, इश्वास माणसावर ठेवावा. मालावर पट्टी ठेवावी."

काका गारखेड्यात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. सगळी नोकरी त्यांनी कारखान्यांत माल तपासण्यात काढली, शेवटी शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापं लावायची, फॉर्म भरायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. कॉलनीतल्या लग्नात ते आधी मांडवाचे खांब हलवून बघत आणि मगच आहेर देत. भाजीवाला त्यांना बघून गाडा वळवायचा.

काकू गेल्या त्या वर्षी त्यांच्या मुलानं पुण्याहून येऊन त्यांना एका थीम पार्कचा वार्षिक पास काढून दिला. बाबांनी घरात बसून राहू नये, एवढाच त्याचा हेतू. सत्तरीकडं झुकलेल्या विधुराला आकाशपाळण्याचा पास देणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. पण काकांनी तो पास असा मनावर घेतला की पुढं दर वर्षी स्वतःच नवा काढू लागले. रविवारी सकाळी नऊला ते बूट घालून आमच्या फाटकाशी उभे असत. गाडी माझी, कारण काकांना चालवता येत नव्हती, आणि माझे यजमान रविवारी टीव्हीसमोरून उठत नसत. मी का जायचे? खरं सांगायचं तर धपाट्यांसाठी. उगाच खोटं कशाला बोलू?

हे पार्क वेरूळच्या रस्त्याला आहे. नाव सांगत नाही, मालक तापट आहेत. पार्कचा विषय 'आपलं गाव'. फाटकातून आत गेलं की सिमेंटची बैलजोडी, सिमेंटचा वासुदेव, सिमेंटच्या विहिरीवर वाकलेली सिमेंटची बाई. गावाच्या मधोमध आकाशपाळणा, कारण त्याशिवाय तिकिटाचे पैसे कोण देणार? आणि एका कोपऱ्यात 'आजीची चूल' अशी पाटी. तिथं खरी चूल, खरा धूर आणि खऱ्या मावशी. ओल्या फडक्यावर ज्वारीचा धपाटा थापून तव्यावर टाकायच्या, वर दही, बाजूला मिरचीचा खर्डा. अख्ख्या गावात तेवढंच एक सिमेंटचं नव्हतं. काका एकाही पाळण्यात कधी बसले नाहीत. चुलीसमोरच्या बाकावर बसून चार तास ते पाळण्याचा आवाज ऐकत आणि म्हणत, "तिसऱ्या नंबरच्या डब्याला तेल कमी हाय."

त्या बाकाभोवती हळूहळू आम्ही सहा-सात वार्षिक पासवाले जमलो. मोबाइलवर मंडळ झालं. त्यात एक देशमुख होते, पैठणकडं भरपूर जमीन, शहरात तीन गाळे, आणि प्रत्येक गोष्टीत संस्कृती. ते धपाट्याला 'आपला ठेवा' म्हणायचे आणि असे चार ठेवे एका बैठकीत संपवायचे.

मग डागडुजीसाठी पार्क महिनाभर बंद राहिलं. उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही आत गेलो तर धुराचा वास नाही. चुलीच्या जागी काचेचं दुकान, गार हवा, हिरव्या-काळ्या रंगाचा फलक. कुठल्याशा मोठ्या कॉफीवाल्यांची शाखा आली होती. दाराबाहेर सिमेंटची एक चूल बांधली होती, आत लाल दिवा. फोटो काढायला. काकांनी त्या दिव्याकडं बराच वेळ पाहिलं. मग आत गेले.

"धपाटे?" त्यांनी विचारलं.

"सर, क्रोसाँ आहे," काउंटरवरची टोपीवाली तरुणी म्हणाली.

काकांनी ते चंद्रकोरीसारखं, पापुद्र्यांचं क्रोसाँ घेतलं. पट्टी काढली, आडवी धरली, उभी धरली. मधोमध तोडून आत डोकावले. "पोकळ हाय," ते मला म्हणाले. "जाडी कुठून धरायची?" बशी त्यांनी तशीच ठेवली. "आणि मावशी कुठंयत?"

"त्यांना बंद केलं ना सर," तरुणी म्हणाली. म्हणजे मावशींना की चुलीला, ते तिलाही माहीत नसावं.

काका सरळ फाटकाशी गेले आणि पास तिकीट खिडकीत ठेवला. "मावशी परत येऊन चूल पेटत नाय, तवर ह्या फाटकात मी पाय ठेवणार नाय." खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, पास परत घेत नाही आम्ही." काका म्हणाले, "मग तुमच्याजवळच राहू द्या."

मंडळात त्या दिवशी जो आगडोंब उसळला, तो विचारू नका. देशमुखांनी 'आपल्या मातीवर घाला' असा दोन पानी मजकूर टाकला. कुणी रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. कुणीतरी ठरवलं की कॉफीवाल्यांना इंटरनेटवर एकेकच तारा द्यायचा. आम्ही सगळ्यांनी हिरिरीनं दिला. 'चूल नाही. दही नाही. मावशी नाहीत. अत्यंत निराशा.' दोन दिवसांनी कळलं की आम्ही ते सगळं शहरातल्या त्यांच्या दुसऱ्याच दुकानावर लिहिलं होतं, जिथं चूल कधी नव्हतीच. तिथल्या मॅनेजरनं प्रत्येकाची माफी मागून 'सुधारणा करू' असं कळवलं होतं. पुढच्याच आठवड्यात देशमुख पार्कात मिशीला फेस लागलेल्या अवस्थेत सापडले. "विरोध करायचा तर आधी चाखून बघायला नको?" ते म्हणाले. त्यांनी तो विरोध नंतर दर रविवारी केला.

काकांचा विरोध वेगळा होता. त्यांनी कारखान्यात लिहीत तसा अहवाल तीन प्रतींत लिहिला. दोष: चूल काढली. कारण: व्यवस्थापनाचा हलगर्जीपणा. उपाय: मावशींना सन्मानानं परत आणणे. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या, पूर्ण नावानिशी. दर सोमवारी काका त्याची एक नवी प्रत व्यवस्थापकांच्या कचेरीत देत आणि पोच घेत. कचेरी फाटकाबाहेर होती, म्हणून शपथ मोडत नव्हती. हे त्यांनी आधी पावलांनी मोजून घेतलं होतं.

पण रविवारी सकाळी काका घराच्या पायरीवर बसत. पायात बूट असत. नऊ वाजत, साडेनऊ वाजत, मग बूट काढून आत जात. चार महिने असं चाललं. माणसाकडं आठवड्यातला एकच दिवस असावा आणि तोही त्यानं स्वतःच्या हातानं खिडकीत ठेवून यावा! मला त्यांचा राग यायचा. मी म्हणायचे, "काका, एका धपाट्यासाठी एवढं?" ते म्हणायचे, "धपाट्यासाठी नाय. त्या बाईला कुणी इचारलं का, हटवताना? आपण बी गप बसलो तर आपण बी नापास."

शेवटी व्यवस्थापक वैतागले. अहवाल ठेवायला कपाट उरलं नसावं. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, "रविवारपुरता मागचा कोपरा देतो. चूल मांडा. मावशींना तुम्हीच घेऊन या." काका आमच्या घरी आले ते हसत नव्हते, पण दोनदा चहा मागितला. मंडळात फटाके फुटले, म्हणजे मोबाइलवर. देशमुखांनी 'आपण जिंकलो' असं लिहिलं.

मावशींचं गाव खुलताबादच्या अलीकडं. तिकीट खिडकीतल्या माणसानं खूण सांगितली होती: शाळेच्या मागं, निळं दार. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात इमरतीचा पुडा. मावशी दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठायला गेल्या आणि पहिल्या झटक्यात उठता आलं नाही.

काकांनी सगळं क्रमानं सांगितलं. अहवाल, पोच, सह्या, कोपरा. मावशींनी ऐकून घेतलं.

"लई केलंत भाऊ माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पण मी नाय यायची."

काका म्हणाले, "पगाराचं बोलतो की मी."

"पगाराचं नाय ओ. गुडघे गेले माझे. डाक्टर म्हनतो धुरानं डोळे बी चाललेत. मला काढलं, 'उद्यापासून येऊ नका' म्हनले, लई राग आला. दोन दिस जेवले नाय. मग तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आन म्हनलं, अगं बाई, आज थापायचं नाय!" त्या चक्क हसल्या. "पोरगं कमावतंय आता. परत त्या चुलीम्होरं? नाय बाबा. तुमी आधी इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

काका इमरतीचा पुडा मांडीवर धरून बसले होते. कुणी विचारलं का, असं ज्या माणसानं चार महिने जगाला विचारलं, त्यानं स्वतः विचारलं नव्हतं. मीही नाही. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मावशींनाच आमची दया आली असावी. म्हणाल्या, "एक हाय बगा. त्या पाळन्यात एकदा बसायचंय. चौदा वर्षं त्याच्याकडं पाठ करून बसले. पोरं वरडायची ते पाठीनंच ऐकलं."

आता आली पंचाईत. काकांची शपथ! चूल पेटणार नव्हती, म्हणजे काका जन्मात आत जाऊ शकत नव्हते. घरी येऊन त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला कागद दाखवला. कारखान्यात एखादा माल मापात बसत नसला तरी अडचणीच्या वेळी एकदा सोडायची सोय असते, तिला विशेष परवानगी म्हणतात. काकांनी स्वतःच्या नावे अर्ज केला होता, खाली स्वतःच मंजुरी दिली होती. "एकाच फेरीपुरती हाय," ते म्हणाले.

तर त्या रविवारी आम्ही तिघं आकाशपाळण्यात बसलो. काकांनी आधी कडी तीनदा ओढून बघितली. पाळणा वर गेला तशी काकांनी डोळे मिटले. मावशी मात्र वाकून खाली बघत होत्या. "ती बगा माझी जागा," त्या म्हणाल्या. "एवढुशीच व्हती व्हय?"

खाली उतरल्यावर म्हणाल्या, "माझ्या जागी काय आनलंय ते तर बघू." आम्ही काचेच्या दुकानात गेलो. मावशींना खुर्चीवर बसवून काका रांगेत उभे राहिले, मी त्यांच्यामागं.

"दोन कॉफी, एक चहा," काका म्हणाले.

"सर, कपावर नावं काय घालू?" तीच टोपीवाली तरुणी, हातात पेन.

"साळवे," काका म्हणाले. मग माझं नाव सांगितलं.

"आणि त्या मॅडमचं?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फलकावरचे भाव वाचू लागले. चौदा वर्षं, दर रविवार, आणि तीन प्रतींतला अहवाल, ज्यावर आम्हा सगळ्यांची पूर्ण नावं होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, चला की."

काका रांग सोडून टेबलापाशी गेले. वाकले. इतक्या हळू आवाजात बोलले की मला ते ओठांवरूनच कळलं. "मावशी, तुमचं नाव काय हो?"

"माझं?" मावशी म्हणाल्या. "कौतिकाबाई." मग जरा सावरून, "कौतिकाबाई रामभाऊ म्हस्के."

काका परत आले आणि सगळंच्या सगळं सांगितलं. तरुणीनं जमेल तेवढं लिहिलं. मावशींनी कप हातात घेऊन फिरवला. "काय लिवलंय ओ ह्याच्यावर?" काकांनी वाचून दाखवलं. मावशींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर मागितली.

परतीच्या वाटेवर, कौतिकाबाईंना सोडल्यावर, काका दौलताबाद येईपर्यंत खिशातली पट्टी चाळवत होते. मग म्हणाले, "ताई, तपासणीच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना नावाचा असतो. तो भरल्याशिवाय बाकी भरूच नये. चाळीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवलं मी." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्या रात्री मी मंडळात मावशींचं पूर्ण नाव कळवलं.

त्यानंतर काका पार्कात गेले नाहीत. शपथ होती, आणि परवानगी एकाच फेरीची होती. रविवारी ते खुलताबादची बस धरत आणि दुपारपर्यंत परत येत. तिथं काय करता, असं विचारलं तर म्हणत, "लसूण सोलतो."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गारखेड्यातल्या त्यांच्या घरी गर्दी होती. कारखान्यातली माणसं, गल्लीतली, आमचं मंडळ. बुद्धवंदना सुरू व्हायच्या बेतात असताना दारात एक बाई आल्या, हातात फडक्यात बांधलेला डबा, बसमधून उतरून चालत आलेल्या, दम लागलेला. काकांचा मुलगा पुढं झाला. त्यानं आदरानं हात जोडले आणि आमच्याकडं वळून हळूच विचारलं, "या कोण?"

आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं. पूर्ण नाव.