एव्होऱ्यात राहिलेले बूट

माझे सासरे पोर्तुगालमधल्या एका ऐतिहासिक शहरात नुसत्या मोज्यांवर फिरले, आणि त्याला मी जबाबदार नाही. निदान घरी परतल्यावर बरेच दिवस मी असंच सांगत होतो.

आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवेला राहतो. मी मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (माझ्या चुका शोधायचं काम बायको घरी फुकट करते.) कारखान्यातल्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीत, शिरायचं तर बुटांवर पिशव्या चढवाव्या लागतात. ही सवय अंगात इतकी मुरलीय, की कुणी घरी आलं तर मी आधी त्याचे बूट बघतो, मग चेहरा.

सासरे, म्हणजे तात्या, सांगलीहून आमच्याकडे राहायला आले होते. बँकेत आयुष्य गेलेला, शिस्तीचा माणूस. गॉलवेच्या पावसाला ते फार लवकर कंटाळले.

"जावईबापू, इथं ऊन कधी पडतं ओ?"

"मंगळवारी पडलं होतं, तात्या. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

शेवटी रेवती म्हणाली, "बाबांना चार दिवस उन्हात तरी नेऊया." मी लगेच पोर्तुगालचं ठरवलं. लिस्बनला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि शेवटच्या दिवशी एव्होरा हे तटबंदीतलं जुनं शहर बघून संध्याकाळच्या विमानाने डब्लिनला परत. सासऱ्यांवर छाप पाडायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती!

काळजी एकच होती, तात्यांची टाच. ती त्यांना वर्षभर छळत होती. त्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांनी खास बूट बनवून दिले होते. काळे, जाडजूड, दिसायला लग्नातल्या बँडवाल्याच्या बुटांसारखे. पण ते पायात असले तर तात्या डोंगर चढतील, नसले तर अंगणसुद्धा ओलांडणार नाहीत. दुसरा जोड त्यांनी आणलाच नव्हता.

गाडी मिळाली ती पांढरीशुभ्र, आतून दुधाच्या सायीसारखी. ती बघून माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मी बसण्यापूर्वीच दोन नियम जाहीर केले. पहिला : गाडी होती तशी परत द्यायचीय, धुळीचे बूट आत आणायचे नाहीत. दुसरा : आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतोय, तेव्हा गाडी सुरू असताना माझ्याशी कुणीही बोलायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही!

हे दोन्ही नियम तात्यांनी मान डोलावून मनावर घेतले. जावयाचा शब्द होता तो.

एव्होऱ्याच्या तटाबाहेर, शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी कमानींजवळ, पुष्कळ घिरट्या घातल्यावर एक जागा मिळाली. कमानी बघितल्या, धुळीतून मनसोक्त हिंडलो, फोटो काढले. आता टेकडीवरचं कॅथीड्रल बघायचं होतं. चालत जाणं सहज शक्य होतं, पण मी म्हटलं, "छे! तात्यांची टाच! मी तुम्हाला थेट दारात सोडतो."

सगळे बसले. मी गाडी काढली. आरशात तात्यांचा हात वर झालेला दिसला, वर्गातल्या पोरासारखा.

"नंतर, तात्या, नंतर!" मी म्हणालो. समोरून ट्रक येत होता.

हात खाली गेला.

शहरातल्या गल्ल्या आमच्या गाडीपेक्षा रुंद होत्या, असं मी शपथेवर सांगणार नाही. आरसे मिटले, श्वास रोखला. एका खिडकीत कांदा चिरणाऱ्या बाई आपलं ताट आत ओढून घेऊन बघत राहिल्या. (बरं झालं, नाहीतर आम्हाला कोशिंबीर मिळाली असती.) अखेर कॅथीड्रलच्या दारात तात्यांना आणि आमच्या नऊ वर्षांच्या सईला उतरवलं, आणि मी न् रेवती गाडी लावायला पुढे गेलो.

परत येऊन बघतो तर तात्या आत हात जोडून उभे. पायात फक्त राखाडी मोजे.

"सई, आजोबांचे बूट कुठेत गं?"

"ही टुक देम ऑफ, डॅड. लाइक ॲट द मंदिर. ही इज ग्रँड." (गॉलवेच्या पोरांचं 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'.)

मला अगदी भरून आलं. माणसाची श्रद्धा बघा! परक्या देवाच्या दारातसुद्धा बूट काढले! मी रेवतीला म्हटलंही, "शिका जरा तुमच्या वडिलांकडून."

दर्शन झालं, बाहेर आलो. दारात बूट नव्हते.

"चोरीला गेले!" मी ओरडलो.

"बाबांची साडेसाती गेली म्हणायची," रेवती म्हणाली.

"अगं साडेसाती काय! संध्याकाळी विमान आहे, ते चालणार कसे?"

"जावईबापू, मी काय म्हणतो..." तात्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही टाचेवर जोर देऊ नका, तात्या. हे माझ्यावर सोडा."

मी तिकीट देणाऱ्या बाईंकडे धावलो. त्यांना इंग्रजी थोडं, मला पोर्तुगीज शून्य. खाणाखुणा संपल्यावर मी स्वतःचा एक बूट काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "धिस! टू! ब्लॅक! गॉन!" बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. तेवढ्यात आत शिरणाऱ्या एका वयस्कर जोडप्याने मोज्यांवरचे तात्या बघितले, हातात बूट घेतलेला मी बघितला, आणि इथे तसाच रिवाज असणार असं समजून दोघांनी निमूट सँडल काढल्या. त्यांच्यामागचा तरुण लेस सोडायला बसला. बघता बघता दारात चपलांची रांग लागली! बाई पोर्तुगीजमध्ये जे काही म्हणाल्या, ते प्रार्थनेसारखं वाटलं नाही.

रेवतीने मला कोपऱ्यात ओढलं. "आता एक शब्द बोलू नकोस. बाबा, काय सांगत होतात?"

"अगं, बूट त्या कमानींपाशी राहिलेत," तात्या शांतपणे म्हणाले. "धूळ लागलेली न्हवं, म्हणून बाहेर काढून ठेवले, दाराच्या शेजारी. मला वाटलं, झटकून आत घेऊ. तर गाडी निघालीच की! हात वर केला, पण तुम्ही म्हणालात नंतर."

रेवतीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही, मला अजून त्याच घरात राहायचंय.

मला खरंच लाज वाटली. मी माझे बूट काढून तात्यांच्या पायात चढवले. ते त्यांना चांगलेच मोठे होत होते, पण दगडी उतारावर टाचेला आधार तरी झाला. मी मोज्यांवर गाडीपर्यंत गेलो, मोज्यांवर गाडी चालवली आणि मोज्यांवरच चुकीच्या वेशीतून बाहेर पडलो. मग तटाभोवती शहराची जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा! घड्याळ पुढे पळत होतं. गाडीत कुणी बोलत नव्हतं. तो नियम कुणी मागे घेतलाच नव्हता.

कमानींजवळची सगळी जागा गाड्यांनी खचाखच भरली होती. फक्त एक जागा मोकळी होती. तिच्या तोंडाशीच, टाचेला टाच लावून, तात्यांचे बूट उभे होते.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तशी त्यांनी आमची जागा धरून ठेवली होती! आमच्यासमोरच एक गाडी तिथे आली, थांबली, चालकाने बुटांकडे बघितलं, मान हलवली आणि बिचारा पुढे गेला. मी आत गाडी घातली तेव्हा तात्या पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

"बघा जावईबापू! सांगलीचा माल! जागा सोडली न्हाई!"

ते खाली उतरले, आपले बूट चढवले आणि दोन पावलं ऐटीत चालून दाखवली. माझ्या जिवात जीव आला.

"तात्या, आता बूट घालूनच बसा! नियम रद्द! पण पटकन, विमान चुकेल. आणि लिस्बनपर्यंत कुणी बोलू नका!"

आम्ही सुसाट निघालो. वाटेत आरशात एकदा तात्यांचा हात वर दिसला, पण आता मी असल्या गोष्टींनी विचलित होणार नव्हतो.

लिस्बन विमानतळावर गाडी वेळेत परत दिली. ती तपासणारा माणूस तर आत डोकावून खूश झाला. मी विजयी मुद्रेने पाय खाली ठेवला आणि फरशी गार लागली.

"तात्या, माझे बूट?"

"तिथंच की," तात्या ओशाळून म्हणाले. "तुमच्या दाराशेजारी नीट जोडून ठेवले होते. मी हात वर केला, पण..."

सिक्युरिटीच्या रांगेत सगळे वाकून, धडपडत, एका पायावर नाचत बूट काढत होते. मी तेवढा ताठ मानेने सरळ पुढे गेलो. अख्ख्या सहलीत जावई म्हणून माझी पूर्ण तयारी होती, ती फक्त तिथे!